एका शतांश ओहमचा हिशेब

सिगारेट सोडायचा माझा पहिला खरा प्रयत्न २०१५च्या हिवाळ्यातला. तो मोडला एका करपट झुरक्याने.

तेव्हा आम्हाला इंग्लंडात येऊन वर्षच झालं होतं. डर्बीत, बाजारपेठेतल्या एका दुकानातून पेनासारखं दिसणारं साधं व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, आणलं. बटण दाबायचं, ओढायचं, बस. नऊ दिवस मी सिगारेटला हात लावला नाही. दहाव्या दिवशी कामाच्या सुट्टीत पार्किंगमध्ये उभा होतो, थंडी मी म्हणत होती, तलफ अनावर झाली होती. एकापाठोपाठ चार-पाच झुरके घेतले आणि शेवटच्या झुरक्याला जळक्या कापसाचा धूर थेट छातीत उतरला. दूध तळाला लागल्यावर स्वयंपाकघरात जो वास भरतो तो नाकाने नव्हे तर घशाने घ्यावा, तसं काहीसं. डोळ्यांत पाणी आलं. पुढचे दोन तास चहासुद्धा करपट लागत होता. संध्याकाळी घरी जाताना मी पेट्रोलपंपावर थांबलो आणि वीसचं पाकीट घेतलं.

दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, सवय होईल, हळू ओढा. पुढच्या काही महिन्यांत मी आणखी दोनदा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा त्याच ठिकाणी घसरलो. माझी इच्छाशक्ती कमी पडली असं घरचे म्हणत, मलाही तसंच वाटे. पण आज मागे वळून बघताना ठामपणे सांगतो, दर वेळी मला परत पाकिटाकडे ढकललं ते त्या जळक्या झुरक्याने. सिगारेट सोळा वर्षांत एकदाही अशी दगा देऊन गेली नव्हती. नवी गोष्ट जुन्या सवयीची जागा घेणार असेल, तर तिने निदान भरवशाचं तरी असायला हवं.

हे का जळतं, ते समजायला मला समई आठवावी लागली. आजी दुपारी पायरीवर बसून कापूस पिंजून वाती वळायची. वातीत तेल चढत असतं तोवर जळतं ते तेल, वात नुसती धरून ठेवते. तेल संपलं की वातच जळायला लागते आणि घरभर तो वास पसरतो. व्हेपमध्येही वात असते, खऱ्याखुऱ्या कापसाची. तिच्याभोवती तारेचं वेटोळं असतं, त्याला इथे कॉइल म्हणतात. कापूस लिक्विडने, म्हणजे टाकीतल्या निकोटीनच्या द्रवाने, ओला असेल तोवर तारेची उष्णता लिक्विडची वाफ करण्यात खर्ची पडते आणि तापमान आटोक्यात राहतं. भराभर ओढलं, किंवा टाकी संपत आली, की कापूस कोरडा पडतो. विजेला त्याची काहीच खबर नसते, ती तितकीच वाहत राहते. तार तापत जाते आणि कापूस करपतो.

नुसत्या चवीचाच प्रश्न असता तर एक वेळ सोसला असता. पण लिक्विडमधलं ग्लिसरीन अति तापलं की त्यातून फॉर्माल्डिहाइड, ॲक्रोलीन असले घातक पदार्थ निघतात. जानेवारी २०१५मध्ये अमेरिकेतल्या एका नामवंत वैद्यकीय नियतकालिकात यावर एक पत्र आलं होतं. ५ व्होल्टवर फॉर्माल्डिहाइडची संयुगं सापडली, ३.३ व्होल्टवर सापडली नाहीत. त्यावर बरीच टीकाही झाली, की ५ व्होल्टवर ते उपकरण इतकं करपट होतं की माणूस ते ओढूच शकणार नाही. मला त्या वादातून एवढंच कळलं की सगळा खेळ तापमानाचा आहे, आणि माझ्या हातातल्या त्या पेनाला तापमान म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं.

ऑक्टोबर २०१६मध्ये आमच्या कॅलिब्रेशन लॅबमधल्या एका वयस्क सहकाऱ्याने स्वतःचं व्हेपचं यंत्र माझ्यापुढे ठेवलं. तीस वर्षं विड्या वळून ओढलेला माणूस, दीड वर्षापूर्वी त्यातून सुटलेला. मला म्हणाला, "तू दिवसभर आरटीडी तपासतोस ना? मग हे तुला मी काय समजावून सांगायचं!"

आरटीडी म्हणजे रोधावरून तापमान सांगणारा तापमापक. रोध म्हणजे तार विजेला करते तो अडथळा, तो ओहममध्ये मोजतात. भोसरी एमआयडीसीत होतो तेव्हा नऊ वर्षं मी हेच केलं, भट्ट्यांचे आरटीडी काढायचे, तपासायचे, परत बसवायचे. प्लॅटिनमची तार ० अंशाला १०० ओहम दाखवते आणि १०० अंशाला साडेअडतीस ओहम जास्त. तार तापली की तिचा रोध वाढतो, आणि तो किती वाढला हे मोजलं की ती किती तापली हे कळतं. वेगळा तापमापक लागतच नाही, तारच तापमापक. सहकाऱ्याच्या हातातल्या त्या पेटीतली चिप नेमकं हेच करत होती. वेटोळ्याला वीज देता देता त्याचा रोध मोजत राहायचा, ठरलेल्या तापमानाला पोचलं की वीज कमी करायची. कापूस कोरडा पडला की तार झटकन तापते, रोध झटकन चढतो आणि चिप हात आखडता घेते.

मी ते यंत्र हातात धरून बराच वेळ नुसता उभा होतो. भोसरीत ज्या तत्त्वावर नऊ वर्षं पोट भरलं, तेच तत्त्व माझ्या सगळ्यात वाईट सवयीवर असं उपयोगी पडेल, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

त्याच शनिवारी मी माझं यंत्र आणलं. एका १८६५० सेलवर चालणारी ७५ वॅटची पेटी, वर स्वतः वेटोळं बसवायची टाकी. १८६५० या आकड्यात सेलचं माप आहे, १८ मिलिमीटर व्यास आणि ६५ मिलिमीटर लांबी. हाताला पेटी थंड आणि चांगलीच जड लागली. पडदा माझ्या अंगठ्याच्या नखाएवढा, पण त्यावर चार गोष्टी एकदम दिसत होत्या, ठरवलेलं तापमान, वॅट, सेल किती उरला ते, आणि ओहम, दोन दशांश स्थळांपर्यंत. या शेवटच्या आकड्यावर माझा जीव जडला. पेनाने मला कधी एक आकडासुद्धा दाखवला नव्हता.

अशी चिप सर्वसामान्यांच्या हातात आणली ती इव्हॉल्व या अमेरिकी कंपनीने, २०१४मध्ये, डीएनए ४० या नावाने. तेव्हा निकेलची तार वापरत. मी घेईपर्यंत निकेल, टायटॅनियम आणि स्टेनलेस असे तिन्ही पर्याय पेटीत आले होते. साधी कँथलची, म्हणजे हीटरात असते तसल्या मिश्रधातूची, तार इथे उपयोगाची नाही, कारण ती कितीही तापली तरी तिचा रोध जवळजवळ हलतच नाही. निकेलचा दर अंशाला सुमारे ०.६ टक्के वाढतो, टायटॅनियमचा ०.३५, आणि ३१६ जातीच्या स्टेनलेसचा जेमतेम ०.०९. मोजणाऱ्याच्या दृष्टीने निकेल सर्वांत सोयीचं. पण ते फार मऊ, आणि निकेल काय किंवा टायटॅनियम काय, कोरडं लालबुंद तापवायचं नसतं. स्टेनलेसवर आमच्या लॅबमध्ये माझा हात रोजच असे, म्हणून मी स्टेनलेस घेतलं. त्याची किंमत पुढे मोजावी लागली.

रविवारी सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसलो. ३ मिलिमीटरच्या ड्रिलच्या दांड्यावर २६ गेजच्या तारेचे सहा वेढे घेतले, दोन्ही टोकं स्क्रूखाली दाबली, टाकी पेटीवर बसवली. पडद्यावर ०.४२ आलं. आता खरी परीक्षा घ्यायची होती. सहकाऱ्याने सांगितलं होतं, लिक्विड घालायच्या आधी कोरड्या कापसावर बघ.

खिडकी उघडली. मुलीला वरच्या खोलीत पाठवलं. कापसाची बोटभर पट्टी कातरली, आजी करायची तशी दोन बोटांत हलके वळली आणि वेटोळ्यातून ओवली. घट्टही नाही, सैलही नाही, ओढली तर तार हलू नये इतपत. पेटीला २२० अंश सांगितले आणि बटण दाबलं.

काहीच झालं नाही. म्हणजे जे व्हायला हवं तेच झालं. वॅटचा आकडा एकदम वर गेला आणि लगेच घरंगळत ८, ६, ५वर येऊन थरथरत राहिला. पडद्यावर अक्षरं उमटली, टेम्परेचर प्रोटेक्टेड. मी दहा सेकंद बटण दाबून धरलं. कापसातून कसलासा उबट वास आला, इस्त्री फिरवलेल्या धोतरासारखा. बाहेर काढून बघितलं तर तारेला टेकलेल्या जागी फिकट बदामी रेघ, बाकी कापूस पांढराशुभ्र.

मग दुसरी पट्टी ओवली, तापमानाचा पहारा उठवला, साध्या वॅटवर टाकलं, २५ वॅट. तिसऱ्या सेकंदाला धूर आला, चौथ्याला कापूस काळा पडला आणि कडेला ठिणगी धरली. तोच, अगदी तोच, पार्किंगमधला वास घरभर झाला. मी पट्टी सिंकमध्ये टाकून नळ सोडला.

बायको दारात उभी राहून सगळं बघत होती. "हेच तू छातीत ओढत होतास?" तिने विचारलं. मी हो म्हणालो. ती काही बोलली नाही, दुसरी खिडकीही उघडून गेली. त्या दोन कापसाच्या पट्ट्या, एक पांढरी आणि एक काळी, मी बरेच दिवस लॅबच्या कपाटात एका काचेच्या बाटलीत ठेवल्या होत्या.

मग ताजा कापूस, ताजं लिक्विड. ७० टक्के ग्लिसरीन, ३० टक्के प्रॉपिलीन ग्लायकॉल, निकोटीन मिलिलिटरला ६ मिलिग्रॅम. पेनात मी १८चं वापरत होतो, पण या यंत्रात वाफ जास्त निघते, १८चं ओढलं तर डोकं गरगरेल असं सहकाऱ्याने बजावलं होतं. पहिला झुरका घेतला आणि वाटलं, हे फारच मवाळ आहे. वाफ कोमट, गळ्याला लागणारा तो झटका नाही. सिगारेट ओढणाऱ्याला त्या झटक्याचीही सवय असते. २२०वरून २३० केलं, जरा बरं वाटलं. २४०वर कडेने कापसाची चव डोकावायला लागली. परत २२०वर आलो आणि तिथेच राहिलो. दुसऱ्या दिवशी जिभेवर व्हॅनिला आणि तंबाखू वेगवेगळे कळायला लागले. पेनात दोन्हींची मिळून नुसती एक गोडसर राख लागायची.

पहिले दोन दिवस मात्र मधूनच वाफ यायची थांबे. बटण दाबलं की लगेच टेम्परेचर प्रोटेक्टेड, आणि तोंडात फक्त हवा. पडद्यावर ०.४२चं ०.५ व्हायचं आणि परत खाली यायचं. असं उड्या मारणारं वाचन मी भोसरीत शेकडो वेळा बघितलंय, दर वेळी दोष जोडणीचा. स्क्रू ढिला होता. ढिल्या जोडणीचा रोध तारेच्या रोधात मिळवला जातो, चिपला वाटतं तार तापली, ती बिचारी प्रामाणिकपणे वीज तोडते. स्क्रू आवळला, आकडा शांत झाला.

पाचव्या दिवशी ते घडलं, जे सांगावं म्हणून खरं तर हे सगळं लिहायला बसलो.

दुपारच्या सुट्टीत टाकी संपली. घाईत होतो. नुकताच झुरका घेतलेली गरम टाकी काढली, भरली, परत बसवली. पडद्यावर प्रश्न आला, नवी कॉइल की जुनीच? मी न वाचता नवी म्हणून टाकलं. पुढच्याच झुरक्याला घसा जळला. तोच चटका! माझ्या पोटात गोळा आला. खिशातले पैसे चाचपले, हेही खोटं बोलतं असं मनात आलं, आणि पाय आपोआप कोपऱ्यावरच्या दुकानाकडे वळले. पण पडद्याकडे नजर गेली आणि मी थांबलो. ०.४३. सकाळी ०.४२ होतं.

भिंतीला टेकून मी पाकिटातल्या पावतीच्या मागे हिशेब मांडला. पेटी नव्या कॉइलचा रोध बघते तो ती खोलीच्या तापमानाला आहे असं धरून, म्हणजे २० अंशांना. हा तिचा पाया, इथून तिची सगळी मोजणी सुरू होते. २२० अंश म्हणजे पायापासून २०० अंश वर, आणि स्टेनलेसच्या हिशेबाने रोध १८.४ टक्क्यांनी जास्त. खरा पाया ०.४२, म्हणजे तिने साधारण ०.४९७वर थांबायला हवं होतं. पण मी तिला गरम तार दाखवून ही थंड आहे असं सांगितलं होतं. ०.४३च्या पायावर ती थांबणार ०.५०९ला. ०.४२च्या तारेचा रोध ०.५०९ होतो तेव्हा ती खरोखर किती तापलेली असते? उत्तर आलं २५० अंश. ठरवलं होतं त्याच्या ३० अंश वर, कापूस करपायला पुरेसं. फरक फक्त एका शतांश ओहमचा. ०.४२च्याच पायावर निकेल असतं तर ओहमचा एवढाच फरक सुमारे नऊ अंशांत निभावला असता. स्टेनलेसची किंमत म्हणालो ती ही.

यंत्र खोटं बोललं नव्हतं. पाया मीच चुकीचा दिला होता. भट्टीचा आरटीडी गरम असताना शून्य लावलं तर वरिष्ठांनी मला गेटाबाहेर उभं केलं असतं, आणि इथे मी तेच करून बसलो होतो. टाकी वीस मिनिटं खिडकीत थंड केली, पुन्हा बसवली, ०.४२ आलं, ते कुलूपबंद केलं. तशी सोय पेटीत असते, पाया एकदा पक्का केला की ती तो बदलत नाही. पुढचा झुरका कोमट, स्वच्छ, व्हॅनिलाचा. मी दुकानाकडे गेलो नाही.

पेन जळायचं तेव्हा मला कारण कधी सापडत नसे, म्हणून दोष मी स्वतःला द्यायचो आणि हार मानायचो. इथे कारण सापडलं, आकड्यासकट सापडलं, आणि दुरुस्तही झालं. माझ्यासारख्याला तेवढं पुरेसं होतं.

त्याच सुमाराला मी इथल्या सरकारी धूम्रपानमुक्ती केंद्रात नाव घातलं होतं. समुपदेशक बाई साध्या, मायाळू. पहिल्या भेटीत त्यांनी एका यंत्रात फुंकायला लावलं, श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजायला. आकडा आला २३. त्यांच्याकडे दहाच्या खाली म्हणजे धूम्रपान न करणारा. व्हेपबद्दल विचारलं तर म्हणाल्या, आम्ही ते देत नाही, पण तुम्ही वापरत असाल तर आडकाठीही नाही. रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने त्याच वर्षी एप्रिलमध्ये म्हटलं होतं की अशा वाफेचा दूरगामी धोका सिगारेटच्या धोक्याच्या ५ टक्क्यांपलीकडे जाण्याची शक्यता कमी आहे. बाईंनी त्याला लगेच जोडून सांगितलं, "धोका नाही असा याचा अर्थ नाही. ज्याने कधी सिगारेट ओढली नाही त्याने याला हातही लावू नये." मीही हे मनापासून सांगतो. ज्याला तलफ माहीतच नाही त्याने ती विकत घेऊ नये. निकोटीन कोणत्याही भांड्यातून आलं तरी धरून ठेवतंच.

घरातही मी नियम कडक ठेवले. लिक्विडच्या बाटल्या वरच्या कपाटात, कुलपात, कारण मुलगी पाच वर्षांची होती आणि त्या बाटल्यांना फळांचे वास. सुटा सेल खिशात किल्ल्यांबरोबर कधीच नाही, त्याला प्लास्टिकची डबी. सेलवरचं आवरण जरा फाटलेलं दिसलं की नवं चढवेपर्यंत तो सेल बाद. एकदा आवरणाला केसाएवढी चीर दिसली, ताबडतोब दुकानात जाऊन नवं चढवून घेतलं.

चार आठवड्यांनी पुन्हा फुंकलं. बाईंनी यंत्र माझ्याकडे वळवलं. ४.

मी तो आकडा परत परत बघत राहिलो. आयुष्यभर मोजमाप करत आलोय, पण माझ्याच छातीचं वाचन बघून डोळे भरून येतील असं वाटलं नव्हतं. त्याच रात्री आईला साताऱ्याला फोन केला. ती म्हणाली, "तुझे बाबा असते तर बरं वाटलं असतं रे त्यांना." माझ्या वडिलांची विडी शेवटपर्यंत सुटली नाही.

२०१९च्या सप्टेंबरात भारतात ई-सिगारेटवर बंदी आली. आधी अध्यादेश, मग डिसेंबरात कायदा. बनवणं, आणणं, विकणं, जाहिरात, साठा, सगळंच बंद. त्या वर्षीच्या नाताळात आम्ही गावी जाणार होतो. भोसरीतल्या जुन्या मित्राचा निरोप आला, "अरे येताना एक घेऊन ये ना तुझ्यासारखं, मलाही सुटायचंय." त्याची तळमळ मला कळत होती, तरी मी नाही म्हणालो. पेटी डर्बीतच ठेवली, सेल काढून. तोवर मी ३ मिलिग्रॅमवर आलो होतो. जाताना निकोटीनच्या च्युइंगमची पाकिटं घेतली, त्यातलीच चार त्याला दिली, आणि त्याला घेऊन त्याच्या डॉक्टरांकडे गेलो. टपरीवर त्याने चहा सांगितला, दोन कटिंग. सिगारेट मात्र सांगितली नाही, त्यानेही नाही आणि मीही नाही.